कालवणातलं क्रीम

सकाळची नेहमीची धांदल होती. ह्यांना तारापूरच्या कंपनीची बस गाठायची होती, डब्यातली भाजी अजून कढईतच होती आणि लेक रिद्धी एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर हिंडत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली.

काशीबाई कधी दार वाजवत नाहीत. सातपाटीहून मासे घेऊन आमच्या शिरगावात आल्या की फाटकापासूनच त्यांची हाक येते, आणि आमच्याआधी गल्लीतल्या मांजरांना ती कळते. कोणी भावात फार ताणलं तर पाटीवर फडकं टाकून म्हणतात, "राहू दे, तू आज वांगीच खा." अशा बाईला डोक्यावर पाटी नसताना, हातात कापडी पिशवी धरून गप्प उभं पाहिलं आणि मी आधी गॅस बंद केला.

त्या आत आल्या. पिशवीतून दोन खोकी काढली, दुधाच्या डेअरीतली एक गाठ मारलेली पिशवी काढली आणि शेवटी एक वाटी, घरच्या सायीची. सगळं ओट्यावर ओळीने मांडलं.

"ह्यातलं आजारी माणसाचं कुठलं, वहिनी?"

त्यांचे यजमान एकनाथभाऊ बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोट ज्याच्या शब्दावर चालते तो माणूस. गेल्या दिवाळीनंतर त्यांच्या घशात गाठ निघाली. तेव्हापासून वापीच्या दवाखान्यात लाईट घ्यायला, म्हणजे रेडिएशनला, जातात, येतात. लाईटने घसा आतून भाजलाय, तोंड सोललंय, घास गिळणं म्हणजे शिक्षा. वजन उतरत चाललंय. तिथल्या आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, की हे खातात त्या प्रत्येक गोष्टीत क्रीम घाला, थोड्या घासात ताकद जायला हवी. वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि एकनाथभाऊंनी घरी आल्यावर सांगून टाकलं होतं, नळी घातली तर मी पुन्हा वापीची गाडी चढणार नाही.

क्रीम आणायला काशीबाई परतीच्या वाटेवर बोईसरला उतरल्या. दुकानदाराने विचारलं, "मौसी, केकवाला या सब्जीवाला?" ह्या म्हणाल्या, आजारी माणसाचं दे. त्याने दोन्ही दिली, डेअरीवाल्याने तिसरंच बांधून दिलं.

मी एकेक समजावत गेले. हे उंच खोकं केकवरच्या फेसाचं. त्यात साखर असते, बहुतेक वेळा ते दुधाचंही नसतं, तेलापासून केलेलं असतं. ते बाजूला ठेवा. हे दुसरं फ्रेश क्रीम, भाजीवर वरून ओततात ते. पातळ असतं, स्निग्धांश कमी, उकळी लागली की फाटतं. घरची साय चांगली, पण तिच्यात पापुद्रे असतात, ते सोललेल्या घशाला चिकटतील. घालायचीच तर घुसळून, गाळून. आणि डेअरीतलं हे यंत्राने काढलेलं दाट क्रीम, ह्यात स्निग्धांश सगळ्यात जास्त, हे उष्णता सोसतं. तुम्हाला हवंय ते हे.

त्या ऐकत होत्या, पण नजर फ्रेश क्रीमच्या खोक्यावर होती. ते फोडलेलं होतं. काल त्यांनी ते बोंबलाच्या उकळत्या कालवणात ओतलं होतं. क्षणात पाणी वेगळं, गुठळ्या वेगळ्या.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "मासे नि दूध एका भांड्यात जायला तयार नाय."

त्यांच्या घरात चहाचं दूधसुद्धा मासळीच्या भांड्यांपासून लांब, वेगळ्या फळीवर असतं. माशांवर दूध पडलं की अंगावर कोड फुटतं, हे त्यांच्या आजीपासून चालत आलेलं. ह्याला शास्त्राचा आधार नाही हे मी वाचलंय. वापीच्या बाईंनीही हसून सांगितलं होतं, काही होत नाही मावशी, बिनधास्त घाला. पण खरं सांगायचं तर आमच्याकडेही मासे केले त्या दिवशी ताक घुसळत नाहीत.

मी सुचवलं, मग पेजेत घाला, खिरीत घाला. ते करून झालं होतं. गोड पुढे आलं की एकनाथभाऊ तोंड फिरवतात. नारळाचं दाट दूध? त्याने खोकल्याची उबळ आली, उलटी झाली, आता नारळाच्या वासानेच ते मान वळवतात. गिळायला तयार असतात ते एकच, बोंबलाचं गाळलेलं कालवण नि मऊ भात. त्यातही चिंचेचं बोट लागतंच. ती नसली तर म्हणतात, हे मासे धुतल्याचं पाणी.

तेव्हा मी दोन पातेल्यांत हळद-चिंचेचं पाणी उकळलं. एकात उकळीवरच फ्रेश क्रीम ओतलं. ते फाटलं. दुसरं उतरवून ठेवलं, वाफ जरा बसू दिली, डेअरीतलं दाट क्रीम वाटीत फेटून हळूहळू सोडलं. ते मऊ पिवळं, एकसारखं राहिलं.

"चिंचेने नि उकळीने फाटलं होतं, काशीबाई. माशाचा त्यात काही दोष नाही."

त्यांनी पळीने पातेलं तळापर्यंत ढवळून पाहिलं. मग खोकी तिथेच सोडून डेअरीची पिशवी घेऊन गेल्या. मला वाटलं, चला, एक काम मार्गी लागलं.

पुढचे काही दिवस त्या मासे घेऊन आल्या, पण क्रीमचं विचारलं की तेवढ्यास तेवढं सांगायच्या. फाटत नाय, म्हणाल्या. पण ते खात नाय. मला वाटलं क्रीम बदललं असेल, शिळं असेल. म्हणून एका सकाळी मी सातपाटीला त्यांच्याकडे गेले.

एकनाथभाऊ ओटीवर खुर्चीत होते, खांद्यांवर सदरा टांगल्यासारखा. मला पाहून हात वर केला. आत काशीबाईंनी बोंबील शिजवून गाळून घेतले, हळद, लसणाचा वास, चिंचेचं बोट. मीठ चिमटीने टाकलं. पातेलं उतरवलं, थांबल्या, क्रीम फेटून सोडलं. मी दाखवलं होतं तसंच, कुठे चूक नाही. मग पळीतला थेंब त्यांनी तळहातावर घेतला. हात तोंडापर्यंत गेला आणि थांबला. तो तसाच नळाखाली धरला, धुतला, पदराला पुसला.

वाटी ओटीवर गेली. पहिल्या चमच्याला एकनाथभाऊंचे डोळे मिटले, कडांतून पाणी आलं. मीठ जास्त झालं होतं, सोललेल्या तोंडात ते आगीसारखं लागलं असणार. त्यांनी वाटी सरकवली. आवाज कसला, नुसती हवा.

"काल अळणी, आज आग. मला मारायला टपलीय ही."

काशीबाई हसल्या नाहीत. वाटी घेऊन आत आल्या. परवा वापीला त्यांना पुन्हा वजनाच्या काट्यावर उभं करणार होते.

मी हळूच विचारलं, चाखत का नाही? त्या चुलीपाशी बसल्या. सगळा जन्म चिमटीने मीठ टाकलंय, म्हणाल्या, कधी चुकलं नाही. पण हे क्रीम मीठ गिळून टाकतं, चिमटीला त्याचा अंदाज येत नाही. चाखायला हवं हे त्यांनाही कळतं.

"पण तोंडात घालवत नाय, वहिनी. मासे नि दूध. हात जवळ आला की आपसूक मागे जातो. त्यांना भरवते तेवापण मनात धाकधूक असते, मी ह्यांना काय देते म्हणून."

मुलगा सुजीत बोटीवर, चार-आठ दिवस समुद्रातच असतो. सून हिना पोटुशी, तिला हे चाखायला सांगायचा प्रश्नच नव्हता. शेजारणींना सांगावं, तर कालवणात दूध घालते म्हणून गावभर होईल.

क्रीमबद्दल मला माहीत होतं ते सगळं मी सांगून बसले होते. बाहेर एकनाथभाऊ खोकत होते. काशीबाईंनी वाटीवर ताट झाकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"उद्यापासून मी शिरगावला मासे घेऊन येताना एका वाटीत कालवण आणीन. तुमी एक बोट चाखा, आणि मीठ किती कमी-जास्त ते मला सांगा, मग घरी जाऊन मी चिमटी तशी धरीन."