दिशाची काळी खिडकी

बनुबाईच्या सुनेचा, दिशाचा लॅपटॉप बिघडलाय असंच मला वाटलं हुतं, बाई! पडदा काळा अन् त्यावर नुसती पांढरी अक्षरं. मी म्हनलं, "घोडेगावला दुरुस्तीला टाक गं." लई हसली! त्या काळ्या खिडकीत हुकूम लिहून तिनं फ्लास्क नावाचं अवजार बसवलं हुतं. त्याच्यावर बचत गटाच्या शेळ्या विकायचं पान केलं. बायांना पटलं, तरच गटाचं काम तिला मिळनार हुतं.

बाया जमल्या, तशी बनुबाई म्हनली, "ती काळी खिडकी मिट. अवदसा दिसतीय."

"आत्या, तिच्यामुळंच पान चालतंय."

"मला शिकवती व्हय!" बनुबाईनं कोपऱ्यातली फुली दाबलीच. पान जागच्या जागी. "बघ, हाय की!"

"ते आधीच उघडलेलं हाय, आत्या. आता शेळीच्या फोटूवर दाबा."

दाबलं, तर शेळीबी गेली अन् पानबी गेलं. दिशानं खिडकी उघडून 'फ्लास्क रन' लिहिलं, पान परत उघडलं, तशी शेळी हजर!

"गेलेली शेळी परत आनती, हिलाच द्या काम," बाया म्हनल्या.

उठताना माझा हात लॅपटॉपला लागला, तर बनुबाईच खेकसली, "अगं ए, काळी खिडकी मिटंल ना!"

दिशानं मला हळूच डोळा मारला.