बाभळीखालचा बारावा माणूस

रूथबाईंच्या घरी कोणीही आलं, की पाणी विचारायच्या आधी त्या त्याला भिंतीपुढे उभं करायच्या. भिंतीवर एक जुनं रंगीत चित्र होतं. माळावर बाभळींच्या सावलीत गोरे साहेब आणि मडमा जेवायला जमलेले, खाली सतरंजी अंथरलेली, मागे बोडके डोंगर. "माणसं मोजा," त्या म्हणायच्या. पाहुणा अकरा मोजायचा. "चुकलात. बारा." मग त्या उजवीकडच्या बाभळीशी बोट न्यायच्या. तिथे एक तपकिरी डाग होता. "हे माझे आजोबा. साहेबाचे खानसामा."

मी चौथी शिकलेली बाई. भिंगारला त्यांच्याकडे सव्वीस वर्षं धुणीभांडी आणि स्वयंपाक केला. त्या नर्स होत्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्या तरी गल्लीतल्या कोणाचंही मनगट धरून म्हणायच्या, "आधी नाडी बघू दे, मग बोल." ताप असो नाहीतर नवराबायकोचं भांडण, सुरुवात मनगटापासून.

डागावरून आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं होतं.

"रूथबाई, ते खोड हाय."

"खोडाला खांदे असतात का गं?"

"बाभळीला असत्यात."

"मग मडमेनं विलायतेला जाताना हे चित्र माझ्या आजोबांनाच का दिलं?"

"बोटीत मावलं नसंल."

पाहुणे कावरेबावरे व्हायचे. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आजोबांचा एकही फोटो कुठे नाही, हे मला ठाऊक होतं. तरी खोड ते खोड.

तीन वर्षांपूर्वी नाताळाच्या आवराआवरीत मला चौकटीच्या आत धूळ दिसली. मी काच काढली आणि ओलं फडकं फिरवलं. पाण्याचे रंग पाण्यानं जातात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला हात उजव्या कोपऱ्यावरूनच गेला. फडकं तपकिरी झालं आणि बाभळीशेजारी पांढरा कागद उरला.

रूथबाई पलीकडे खुर्चीत होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यांना चित्राची नुसती चौकट दिसायची. मी काच परत बसवली आणि गप्प राहिले. काम जाईल म्हणून नाही. कामं काय, सावेडीत फ्लॅटोफ्लॅटी मिळतात. पण आजोबांचं म्हणून त्यांच्याकडे तेवढंच होतं, आणि ते मी मोरीत पिळून टाकलं होतं.

नाताळात शेजारच्या गल्लीतली नवी सून भेटायला आली. तिला अर्थातच काही दिसेना. "कुठं आहेत?" तिनं विचारलं. मी करंज्यांची बशी तिच्या हातात कोंबली. "हे काय, बाभळीपाशी. आजोबाच हायेत ते." ती बिचारी "हो हो" म्हणाली. रूथबाईंनी मान माझ्या आवाजाकडे वळवली.

फेब्रुवारीत त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. जसजसा दिवस जवळ आला तसतशी माझी भाकरी करपायला लागली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली. काळा चष्मा लावून त्या रिक्षातून उतरल्या. मला वाटलं, आता चित्रापुढे जाणार. त्या तडक स्वयंपाकघरात आल्या.

"कौसा, हात दे." मनगट धरलं. "कधी पुसलंस?"

"नाताळाच्या आधी. ओल्या फडक्यानं." मग मला राहवेना. "पण तुमी तर अजून चित्राकडं बघितलं बी न्हाई."

"बघायचं कशाला? इतकी वर्षं खोड म्हणणारी बाई एकदम आजोबा म्हणाली. त्याच दिवशी कळलं, गेले ते."

मला हाताला धरूनच त्या चित्रापुढे गेल्या. चष्मा काढला. बोट कोऱ्या जागेवर टेकवलं.

"माझी नजर अधूच होती. रोज काच तू पुसलीस, जवळून तूच पाहिलंस. खरं सांग. माणूस होता की खोड?"

माणूस म्हणणं फार सोपं होतं. एका शब्दाचं काम. माझं मनगट अजून त्यांच्याच हातात होतं.

"खोड होतं, रूथबाई."

त्यांनी हात सोडला. "बरं. म्हणजे तू ठीक झालीस. चहा टाक."

त्यानंतर त्या पाहुण्यांना कोरी जागा दाखवायच्या. "इथे माझे आजोबा होते. हिनं पुसले." मी मागून ओरडायची, "खोड पुसलं!" मला कामावरून काढलं नाही, माफ केलं असंही कधी म्हणाल्या नाहीत. मी माफी मागितलीही नव्हती.

गेल्या उन्हाळ्यात त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, बस. पुण्याचा भाचा सामान न्यायला आला. चित्र उतरवताना मला म्हणाला, "मावशी, इथला रंग उडालाय का?"

"उडाला न्हाई. म्या पुसलाय. तुझी मावशी म्हणायची, तिथं तुझे पणजोबा हुते. मी म्हणते खोड हुतं. दोन्ही मागं लिहून ठेव."

तो हसला, पण पेन काढून त्यानं पाठीमागच्या पुठ्ठ्यावर लिहिलं. मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर वाचलं. सगळं बरोबर होतं, फक्त माझ्या नावाच्या जागी त्यानं 'मोलकरणीच्या मते' असं लिहिलं होतं. मी ते खोडायला लावलं आणि तिथं माझं नाव घालून घेतलं.