बाराव्या मजल्यावरची हवा

माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, दमा आहे. संसाराची सगळी वर्षं तिने शहराच्या जुन्या, गजबजलेल्या चामराजपेटेत बस-रिक्षांच्या धुरात काढली. शेवटी आमच्या थोरल्या भावाने, अण्णाने, हट्टाने तिला जयनगरच्या पुढे बाराव्या मजल्यावर फ्लॅट घेऊन दिला. वर हवा स्वच्छ असते, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती.

माझं काम हवेचंच. आम्ही ड्रोनवर एक छोटं यंत्र बांधतो आणि जमिनीपासून वर जात जात ओझोन मोजतो. फार उंचावरचा ओझोन आपल्याला उन्हापासून वाचवतो. श्वासातून आत जाणारा मात्र छाती जाळतो. गाड्यांच्या धुरावर कडक ऊन पडलं की तो तयार होतो. आम्ही परवानग्यांसाठी खेटे घालून घालून थकतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं आम्ही लग्नाचं शूटिंग करतोय. एका काकांनी तर जेवण कुठल्या हॉलमध्ये आहे, तेही विचारलं.

त्या दुपारी एका मोठ्या रस्त्यालगतच्या मैदानातून ड्रोन सोडला. खाली आकडा कमी होता, वर जाईल तसा वाढत गेला. आश्चर्य नव्हतं, गाड्यांचा ताजा धूर ओझोनला तिथल्या तिथे खाऊन टाकतो, वर धूर विरळ झाला की ओझोन टिकतो. आलेख सुरेख आला म्हणून सगळे खूश. मी मात्र स्क्रीनवर मजले मोजत बसले आणि बाराव्यापाशी थांबले. तिथला आकडा खालच्यापेक्षा बराच जास्त होता.

रविवारी दुपारी अक्काकडे गेले. अण्णाही आला होता. बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवून ती कौतुकाने वारा घेत बसली होती. मला राहवलं नाही, दुपारच्या उन्हात वर ओझोन जास्त असतो, तेव्हा दार लावून ठेव, असं सांगून टाकलं.

अण्णा भडकला. "मग काय, परत नेऊन धुरात बसवू हिला?"

"तसं नाही अण्णा, तो धूरही वाईटच."

"मग चांगलं काय ते सांग की!"

 एका मैदानावरचे आकडे तिच्या बाल्कनीला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही मला ठाऊक होतं. माझा मलाच राग आला, आणि त्या सुरेख आलेखाचाही.

"स्वल्प गप्प बसा, जरा थांबा दोघं," अक्का तिच्या नेहमीच्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाली. "दुपारी दार लावायचं, एवढंच ना? सरी, ठीक आहे. राहुकाळ पाळतोच की आपण. पण तो दीड तासात संपतो. हा कधी संपतो?"

"ऊन उतरलं की."

"आणि असं किती वर्षं करायचं?"

 तिने उठून दार लावून घेतलं. मग अण्णाच्या शेजारी बसून त्याच्या पाठीवर हात ठेवला. "घर छान आहे अण्णा. तू मनाला लावून घेऊ नकोस."

एवढं बोलतानाही तिला मध्येच थांबून श्वास घ्यावा लागला.