उलटी गुंडाळलेली तार

नांदेडच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या दोन्ही काठांवर, हणमंत भोयाला ओळखत नाही असा माणूस नव्हता. तीस वर्षं त्यानं उतारूंना लाकडी नावेतून पार नेलं. सुकाणूचा दांडा कायम काखेत. दांडा डावीकडे रेटला की नाव उजवीकडे वळते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चालताना पाय कसा उचलावा हे तरी कोण शिकवतं?

जर्मनीची लढाई सुरू झाली त्याच्या दुसऱ्या साली या उताराचा गुत्ता, म्हणजे ठेका, देगलूरकडच्या वीरण्णानं घेतला आणि कुठूनशी एक जुनी मोटारबोट आणली. तिला दांडा नव्हता. पुढे मोटारीसारखं चाक, चाकामागे लाकडी रूळ, आणि रुळावर वेढे घेऊन दोन्ही कडांनी कप्प्यांतून मागच्या सुकाणूपर्यंत गेलेली लोखंडी तार. चाक धरायला हैदराबादेहून किशनराव आला. हणमंतच्या हाती बांबू आला. काठाला लागताना तेवढा रेटायचा.

"हणमंता, म्हैस हाकल्यावाणी बांबू नको मारू," किशनराव म्हणायचा. "रंग जातो बोटीचा."

"रंग कुठं हाय तिला? असता तर गेला असता."

लोक हसायचे. हणमंत हसायचा नाही. घरी बायको विचारायची, "आज काय चालवलं?" तो म्हणायचा, "बांबू."

अशी दोन वर्षं गेली. मग तारेचे पेड एकेक करून तुटायला लागले, आणि त्याच आठवड्यात किशनरावानं हिवतापानं अंथरूण धरलं. लढाईमुळे नवी तार मिळेना. हैदराबादचा मिस्त्री महिन्याची मुदत सांगत होता.

"मी बसवतो," हणमंत म्हणाला.

"तुला जमंल?" वीरण्णानं विचारलं.

"न्हाई जमलं तर बांबू हायच की."

"अन् जमलं तर?"

"चाक माझ्याकडं."

वीरण्णानं पान तोंडात सारलं. "किशनराव उठेपर्यंत धर. तुझा हात बसला तर पुढंबी तूच."

हणमंतनं तीन दिवस घेतले. जुनी तार सुतळीनं तीनदा मोजली. गिरणीच्या भंगारातून दुसरी निवडताना वीतवीत चाचपली. गंज आत शिरला असेल ती बाजूला टाकली. टोकाला फास करायचा तर तारेचे पेड उसवून परत तिच्यातच ओवावे लागतात. दोराला हे काम त्याचे हात रोज करत. तारेनं नखं सोलून काढली. तरी प्रत्येक पेड त्यानं पाच वेळा ओवला. चार वेळा चाललं असतं. कप्प्यांत एरंडीचं तेल घातलं. मग तारेला सगळं अंग टाकून लोंबकळला. फास तसूभर सरकला नाही.

रुळावर तार वरून घ्यायची की खालून, याचा विचार मात्र त्यानं केला नाही. हाताला पटलं तशी घेतली. बोट पाण्यात घालून चाक डावीकडे फिरवलं, नाक उजवीकडे गेलं. तीस वर्षांच्या दांड्यासारखंच. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याला बोट आपली वाटली.

दुसऱ्या दिवशी घाटावर एक लॉरी वळताना त्यानं पाहिली. ड्रायव्हरनं चाक उजवीकडे फिरवलं, लॉरी उजवीकडेच वळली. हणमंत जागच्या जागी थांबला. चूक उमगली. रुळावरचे वेढे उलटे घालायचे म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. पण उलट्या चाकाची बोट त्याच्याशिवाय कुणाच्या बापाला हाकता येणार नव्हती. त्यानं वेढे तसेच ठेवले. कुणाला सांगितलं नाही.

बाजाराच्या दिवशी बोट गच्च भरली. हणमंत मागे बांबूनं बोट काठापासून सोडवत होता, तेवढ्यात तापातून उठलेला किशनराव गर्दीतून पुढे आला आणि चाकाशी बसला. इंजिन सुरू झालं.

"किशनराव, चाक उलटं हाय!" हणमंत ओरडला. इंजिनच्या आवाजात ते कुणी ऐकलं नाही.

घाटाचा दगडी कोपरा चुकवायला किशनरावानं चाक उजवीकडे घातलं. बोट डावीकडे, दगडाकडे गेली. त्यानं आणखी उजवीकडे घातलं. बोटीच्या काठावर हात ठेवून भाजीवाली शांतम्मा बसली होती. दगडाशी चेंगरून तिच्या हाताची दोन बोटं गेली.

पोलीस यायच्या आत वीरण्णानं छिन्नीनं तार तोडली. "तार तुटली म्हणायचं," तो हणमंतला म्हणाला. "लढाईचा माल. कुणाचाच कसूर न्हाई. तुझी रोजी चालू ऱ्हाईल."

हणमंतनं टोक हातात घेतलं. तुटलेली तार केरसुणीसारखी पिंजारते. हे टोक सपाट होतं.

जमादार आला तेव्हा हणमंत म्हणाला, "तार तुटली न्हाई, साहेब. ही कापलेली हाय. माझी तार तुटत नसती. मी ती उलटी गुंडाळली होती, अन् ते मला ठाऊक होतं."

जमादारानं उर्दूत पानभर लिहिलं. हणमंतला उर्दूच काय, मराठीही वाचता येत नव्हती. त्यानं अंगठा दिला. त्याला शिक्षा झाली नाही. कामावरून तेवढं काढलं. का झाली नाही, हे चार महिन्यांनी कचेरीतल्या एका कारकुनाकडून कळलं. कागदावर लिहिलं होतं: तार तुटली. खाली अंगठा हणमंतचा.

तो तसाच बाजारात शांतम्माकडे गेला. ती तीन बोटांच्या हातानं मेथीच्या जुड्या बांधत होती. जुडी सुटत होती, ती परत बांधत होती.

"ये, हणमंता," ती म्हणाली. "तोंड नको पाडू. तारच तुटली, त्याला तू काय करणार?"

"तुटली न्हाई, अक्का."

त्यानं तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. लॉरी पाहिली तेही, वेढे तसेच ठेवले तेही.

शांतम्मानं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ऊठ तिथून. गिऱ्हाईक अडतंय."