पोप होण्याइतका आजारी माणूस

"दार उघडा! ओ, दार उघडा, नाहीतर मी खिडकीतून उडी मारीन!" गोपशेट ओरडत होते. खिडकीला गज होते, वाचनालय तळमजल्यावर होतं, आणि शेटचा घेर असा की आत येतानासुद्धा ते दारातून तिरके होऊन आले होते. तरी त्या क्षणी ते गजांसकट उडी मारतील असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. दाराला बाहेरून कुलूप होतं. किल्ली शिपायाकडे होती, आणि अध्यक्ष निवडला गेल्याशिवाय आतून कोणी 'मेलो' म्हणालं तरी उघडायचं नाही, असं सोनावणे सरांनी त्याला बजावून ठेवलं होतं. स्वतः सर कोपऱ्यात मफलर गुंडाळून खोकत बसले होते. "शेट," ते दोन ढासांच्या मध्ये म्हणाले, "इटलीत एकदा लोकांनी पोप निवडायला कोंडलेल्या कार्डिनलांच्या डोक्यावरचं छप्परच काढून नेलं होतं. इथे पंखा तरी चालू आहे."

गेल्या महिन्यात शिरगावहून सरांच्या मुलीचा फोन आला... "काका, बाबा गेले." मी 'हो' म्हणालो, फोन ठेवला, आणि रडू फुटायच्या आधी मला हसू फुटलं. कारण हा माणूस एकोणीसशे पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमारासच जायचा ठरला होता. अख्ख्या अंबरनाथने तसं ठरवलं होतं. आणि त्यावरच तो निवडून आला होता.

सर हायस्कुलात इतिहास शिकवायचे. बौद्ध माणूस, घरात बुद्धाची शांत मूर्ती, आणि तोंडात सदा चार-पाचशे वर्षांपूर्वीचे रोमचे कार्डिनल! मी एकदा विचारलं, "सर, तुमचं आणि पोपचं काय सोयरंसुतक?" म्हणाले, "खुर्ची रिकामी झाली की माणसं काय करतात, ते मला बघायचंय." वाचनालयात रविवारी ते यावर व्याख्यान द्यायचे, आणि अशी गर्दी व्हायची की शिवमंदिरातली महाशिवरात्र फिकी पडावी. फ्रेंचांच्या बाजूचे कार्डिनल एकीकडे, स्पेनच्या बाजूचे दुसरीकडे, मधे इटलीतली बडी घराणी. दोन तृतीयांश मतं मिळाल्याशिवाय पोप नाही. मग संडासाच्या आडोशाला कुजबुज, याला वाडा कबूल, त्याला मठाचं उत्पन्न कबूल. आणि दोन्ही गट अडून बसले की शेवटचा उपाय म्हणजे एखादा म्हातारा, आजारी कार्डिनल शोधायचा, त्याला गादीवर बसवायचं आणि तो मरेपर्यंत आपापली जुळवाजुळव करायची. असाच एक म्हातारा निवडून आल्याबरोबर कुबड्या फेकून ताठ उभा राहिला म्हणे. पहिल्या रांगेत सिंधी गोपशेट मांडीवर थापा मारत हसायचे, "वडी, क्या बेवकूफ लोग थे!" त्यांच्या शेजारी कारखान्यातले कदम फोरमन टाळ्या वाजवायचे.

आणि मग आमचे जुने अध्यक्ष मुलाकडे नागपूरला राहायला गेले. खुर्ची रिकामी झाली. गोपशेट मूळचे उल्हासनगरचे, कापडाचे व्यापारी. त्यांना वाचनालयाचा हॉल लग्नांना द्यायचा होता. "पुस्तकं माळ्यावर, नवरा-नवरी खाली, दोघं पण खूश!" कदमांना तिथे कामगार मंडळाचं ऑफिस आणि कॅरम हवा होता. कोणीही जिंकलं तरी अभ्यासिका जाणार होती. चाळीतली, झोपडपट्टीतली मुलं संध्याकाळी तिथे येऊन बसत, कारण घरी एका बल्बखाली चूल, आजारी आजा आणि भावंडांची मारामारी. सर मला एवढंच म्हणाले, "ही खोली गेली तर ती कुठे बसतील रे?" तेवढ्या एका वाक्यापुरते ते कार्डिनलांना विसरले होते.

आता गंमत अशी, की वाचनालयाची घटना सरांनीच लिहिली होती. दोन तृतीयांश मतं, निवड होईपर्यंत दाराला कुलूप, सगळं त्यात होतं. पण घटना वाचायची नाही, हा वाचनालयांचा नियमच असतो. रविवारी सकाळी आम्हा समितीला कोंडलं. आधी वडापाव आला. मग नुसता पाव आला. मग बिनसाखरेचा चहा आला, आणि गोपशेट दारावर धडका मारू लागले. मतं मोजली की दोन्ही गट जिथल्या तिथे. मागच्या मोरीत एकेकाला बोलावणं सुरू झालं. कदमांनी माझ्या मेव्हण्याला नोकरी कबूल केली, गोपशेटनी मला सफारीचं कापड. मी दोघांनाही हो म्हणालो. रोमची परंपरा मोडणारा मी कोण?

आणि सर खोकत होते. काय तो खोकला! त्या ढासेने टेबलावरच्या वर्तमानपत्रांची पानं आपोआप उलटत होती. तिकडे उल्हासनगरात दुकानांची शटरं खाली येत असतील, असा मला संशय आहे. भूक लागलेल्या कदमांनी सरांकडे एकदा निरखून पाहिलं. ते पाहणं मी पाहिलं. मोरीत मला ओढून ते म्हणाले, "माणूस थकलाय रे. पावसाळा काढत नाही. तोवर त्यांनाच बसवू, मग आपली तयारी पक्की." मी बाहेर येतो तर शेटनी माझी कॉलर धरली. "मास्तर का टाइम थोडा है, साईं. दिवाळीपर्यंत बसू दे त्यांना. पुढे आपण आहोतच."

पुढची मोजणी झाली, पुन्हा कोणीच नाही. कदम उठले, "माझं मत बदललं! सोनावणे सरांना!" ते खाली बसायच्या आत गोपशेट उभे, "मी आधी म्हणणार होतो! माझं पण मास्तरांना!" मग खुर्च्या सरकल्याचा जो आवाज झाला! नव्या पोपला शेवटी मत देणारा कोणालाच व्हायचं नसतं, हेही सरांनी व्याख्यानात सांगितलं होतं. त्यालाही यांनी टाळ्याच वाजवल्या होत्या.

सर उठले. मफलर काढला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाले, "अभ्यासिका उद्यापासून पहाटे पाचला उघडेल." आवाज खणखणीत! त्यानंतर त्यांना साधी शिंकही आल्याचं मी ऐकलेलं नाही.

पावसाळा गेला. दिवाळी गेली. दर दिवाळीला गोपशेट मिठाईचा पुडा घेऊन तब्येत बघायला येत, "कसं काय मास्तर?" सर म्हणत, "उत्तम," आणि शेट पडेल चेहऱ्याने परत जात. कदम निवृत्त झाले, गुडघे दुखतात म्हणून सरांच्याच खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढू लागले. वर मजला चढला. मुलींसाठी वेगळी खोली झाली. त्या बाकांवरून नर्स उठल्या, इंजिनिअर उठले, चिखलोलीची एक मुलगी तर वकील होऊन कल्याणच्या कोर्टात अशी बोलू लागली की भलेभले घाम पुसत. फोन आला त्या दिवशी शिरगावला सरांना निरोप द्यायला ही सगळी आली होती. रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी. असा विजयी माणूस मी दुसरा पाहिला नाही...

तीन-चार वर्षांपूर्वी गोपशेटची नात आमच्याच अभ्यासिकेत रात्रंदिवस घासून डॉक्टरीला लागली. शेट पेढ्यांची करंडी घेऊन आले. सगळ्यांना पेढे वाटले, डोळे पुसले, मग सरांच्या टेबलासमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, आज खरं सांगायचं. त्या वर्षी तुम्ही मरणार होता ना? अहो, म्हणून तर मत दिलं मी!"

सर नव्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. मान वर न करता म्हणाले,

"हो. पण इथे कामं निघाली."