रविवारपर्यंत शांत व्हायचंय

गल्लीच्या टोकाला पॉलिशवाल्याचं घर. पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. तोंडावर सगळे त्याला काका म्हणायचे आणि पाठ वळली की भडका. आता नाव उगाच का पडतं! पेपरवाल्यावर भडकायचा, नळावर भडकायचा, भडकायला कोणी सापडलं नाही तर रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्या बाईवर भडकायचा. ती बिचारी ऐकायलासुद्धा नसायची.

पण लाकडाशी मात्र काय गोडी! कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळायचा, लाखेच्या पॉलिशमध्ये बुडवून हलकेच गोल गोल फिरवायचा, थर वाळू द्यायचा, घासायचं, पुन्हा थर. एकेका खुर्चीपुढे हा तासन्‌तास वाट बघत बसायचा. बायको म्हणायची, "तुमच्या घरी येण्यापेक्षा मी खुर्चीच झाले असते तर बरं होतं."

तर झालं असं, की मागच्या हिवाळ्यात लेक नातीला घेऊन आली होती. भिंगरी तिचं लाडाचं नाव, चार वर्षांची. आजोबांनी कोणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर शेवटचा थर दिलेला, आरशासारखा चकाकत होता. पोरीने त्यात आपलं तोंड पाहिलं आणि तोंडाला हात लावायला गेली. पाचही बोटं उठली. आणि भडका असा काही गरजला, की पोरीची चड्डी जागच्या जागी ओली झाली. लेकीने तिला उचललं आणि तशीच निघाली. त्यानंतर फोन यायचे, पण भिंगरी फोनवरसुद्धा यायची नाही. आजोबांचं नाव काढलं की पलंगाखाली.

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. एक दिवस अंघोळ करून, भांग पाडून, मागच्या रस्त्यावरच्या विहारात जाऊन बसला. ध्यानाच्या वर्गाला! पहिल्याच दिवशी घरी येऊन त्याने जाहीर केलं, "माझा राग गेला."

बायको म्हणाली, "कुठे? पत्ता ठेवून गेलाय का?"

"मस्करी नको. मी आता शांत बसणार आहे. आवाज करायचा नाही कुणी!" हे तो इतक्या मोठ्याने म्हणाला, की समोरच्या घरातला ताटांचा खडखडाट थांबला.

चार बैठका झाल्यावर त्याने म्हाताऱ्या भंतेजींना गाठलं. "भंतेजी, राग जायला साधारण किती वेळ लागतो?"

भंतेजी विहाराची पायरी झाडत होते. म्हणाले, "बुद्धांनी सहनशीलतेचा अभ्यास कितीतरी जन्म केला म्हणतात."

"जन्मबिन्म राहू द्या. रविवारपर्यंतचं सांगा. नात येणार आहे."

भंतेजी इतके हसले, की झाडू बाजूला ठेवावा लागला. मग म्हणाले, "बरं. राग आला की हातात जे असेल ते खाली ठेवा."

"आणि?"

"आणि काही नाही."

"अहो, पण शील, समाधी, प्रज्ञा, ते सगळं?"

"येईल हो. आधी हातातलं ठेवा तर खरं."

भडक्याला वाटलं, आपल्याला नवशिका समजून टोलवलं. घरी येताना पुण्य म्हणून विहारातलं बैठं टेबल पॉलिशला फुकट घेऊन आला. त्याचा अजून एक हिशेब होता, तो बायकोला सांगितल्यावर तिने कपाळावर हात मारला. टेबलाचा शेवटचा थर तो मुद्दाम रविवारी, लेक यायच्या जरा आधी देणार होता. भिंगरी हात लावेल, हा गोड हसेल, लेक थक्क होईल.

"अहो, वाळलेलं ठेवा ना! पोर येतेय."

"वाळलेल्यावर कसली परीक्षा? ओलंच पाहिजे. तू असं कर, मला जरा राग आण. तालीम होऊ दे."

"आत्ता? मी कणीक मळतेय."

"मळता मळता आण."

"तीस वर्षं न सांगता आणत होते तेव्हा कदर नव्हती. आता मागणी केल्यावर येतो का तो!"

"अगं, नीट आण म्हणतो ना!" भडका ओरडला.

"आला बघा," ती म्हणाली आणि कणकेला पाणी लावलं.

लेकीने फोनवर बजावलं होतं, "बाबा, तासभर येतो. ती घाबरली की निघणार, आणि मग पुन्हा या म्हणायचं नाही."

रविवारी लेक, जावई आणि भिंगरी आले. टेबल खोलीच्या मध्यावर, ओलं, झगझगीत. भडका बोळा हातात धरून, क्षमेचं हसू चेहऱ्यावर आधीच चढवून बसलेला. आणि भिंगरीने काय केलं? दोन्ही हात पाठीमागे घेतले. भिंतीला घासत घासत कोपऱ्यातल्या स्टुलापर्यंत गेली, बसली आणि हात मांड्यांखाली दाबून टाकले.

"बघ, कसं चकाकतंय," आजोबा म्हणाले.

भिंगरी टेबलाकडे बघेना.

"हात लावायचा असेल तर लाव हो."

हात आणखी आत गेले. भडक्याचं हसू तसंच राहिलं. राग आपला, आपल्याच घरात राहतो, असं तो समजत होता. राग तर इतके दिवस या पोरीच्या घरी मुक्कामाला होता.

तेवढ्यात जावई. अत्यंत सभ्य माणूस, सासऱ्यासमोर कुठे काय ठेवावं याचीसुद्धा धास्ती. त्याने आणलेली फळांची पिशवी अगदी अलगद, अदबीने, टेबलावर ठेवली.

"अरे ए..."

पोर आईच्या कमरेला जाऊन चिकटली. लेकीने खाली ठेवलेली पर्स खांद्याला लावली.

आणि भडक्याने बोळा खाली ठेवला. भंतेजी आठवले म्हणाल तर नाही. हात थरथरायला लागला की पॉलिशला रेघा पडतात, म्हणून बोळा ठेवायचा, ही कामातली जुनी खोड. पण हात रिकामे झाले आणि पुढची आरोळी कशाच्या जोरावर मारायची तेच कळेना.

"जावईबापू," तो कसाबसा म्हणाला, "उचला. सरळ वर. ओढू नका."

पिशवी सुटली, आणि टेबलाच्या मधोमध तिचा ठसा.

"येतो बाबा," लेक म्हणाली.

भडका टेबलापाशी जमिनीवर बसला. "ओरडलो मी," तो म्हणाला. बैठका, तालीम, काही बोलला नाही.

आईच्या मागून बारीक आवाज आला. "अर्धंच."

बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हसू दाबताना खांदे हलत होते.

"आता काय करणार?" भिंगरीने तिथूनच विचारलं.

"काही नाही. वाळेपर्यंत काही करायचं नसतं. मग घासायचं, मग पुन्हा थर."

"वाळलं?"

"नाही."

ती स्टुलापर्यंत आली. "आता?"

"नाही अजून."

"आता वाळलं?"

"नाही गं राणी."

एकदा तिने श्वास घेतला आणि लगेच विचारलं. एकदा तर त्याचं उत्तर पुरं व्हायच्या आत. तो आपला दरवेळी टेबल तिरकं करून, उजेडात बघून, खरं खरं सांगत होता. जावयाने फळं चिरायला घेतली. लेकीची पर्स कधी खुंटीवर गेली ते कुणी पाहिलं नाही. भिंगरी सरकत सरकत आजोबांच्या चटईच्या कडेवर येऊन बसली होती, एक हात अजून मांडीखाली, दुसरा बाहेर.

"आता?"

"नाही."

बायको दारात उभी राहून बघत होती. "शांत झालात हो," असं म्हणाली असती तर गडी तिथल्या तिथे उठून भंतेजींना सांगायला धावला असता.