मावशीच्या खोल्यांचं पान

हरमलला माझ्या मावशीच्या घरी पर्यटकांसाठी पाच खोल्या होत्या आणि त्यांचं वेबपान मी तयार केलं होतं. टायपिंगच्या परीक्षेत मी पेडण्यात पहिला, तेव्हा कुणाला काही विचारायची गरजच काय, असा माझा तोरा. टायपिंगला मथळा मधोमध आणायचा तर अक्षरं मोजून स्पेस दाबायची. पानावरही मी तेच केलं. ब्राउझर जास्तीच्या स्पेस गिळतो हे कळल्यावर तरी शहाणं व्हावं की नाही? मी प्रत्येक स्पेससाठी वेगळा संकेत टाइप करत बसलो. शिवाय ओळीओळीत वेगळा रंग, वेगळा आकार. माझ्या पडद्यावर पान नवरीसारखं नटलेलं दिसायचं.

चतुर्थीच्या चार दिवस आधी एका परदेशी पाहुण्याची ईमेल आली. त्याच्याकडे सगळी अक्षरं फोटोंवर चढली होती, कुठली खोली कुठली ते कळत नव्हतं. मी मावशीला सांगितलं.

"माजा घर सरळ उभा आसा," ती म्हणाली. "मगे तुज्या कंप्युटरात ता कशाक कोसाळला?"

मला हसू आलं, तिला नाही. एक एजंट तिच्या मागे लागला होता. मोसमभर अख्खं घर त्याच्या ताब्यात, चाव्या त्याच्याकडे, आणि मावशीनं मागच्या पडवीत राहायचं. पाहुणे आपणहून आले नाहीत, तर चतुर्थी झाली की ती सही करणार होती. काका गेल्यावर एकेक खोली तिनं एकटीनं बांधली होती. मला स्वतःचीच लाज वाटली.

दोन दिवस मी पानाशी झटापट केली. एक शब्द हलवला की खालच्या चार ओळी घसरायच्या. तिसऱ्या दिवशी मावशीनं मला माटोळी बांधायला स्टुलावर चढवलं. गणपतीच्या वर टांगायची ही लाकडी चौकट दर वर्षी तीच असते, फळं आणि रानवेली तेवढ्या नव्या.

"तो नारळ थय नको, हय बांद," मावशी खालून म्हणाली.

मी नारळ हलवला. बाकी काहीच हललं नाही. स्टुलावरूनच मी स्वतःला गाढव म्हटलं, तेही मोठ्यानं.

"देवाच्या दारात तरी बरा उलय," मावशीनं माझ्या बोलण्यावरून दटावलं.

त्या संध्याकाळी सगळ्या स्पेस पुसल्या. खोल्यांचा मजकूर साधा, एका फाइलीत. रंग, आकार, समास सगळं दुसऱ्या फाइलीत. मग गावातल्या सायबर कॅफेतल्या सर्वांत जुन्या मशीनवर पान उघडलं. ते नीट बसलं होतं. मी पाहुण्याला कळवलं.

चतुर्थीनंतर एजंट कागद घेऊन आला, तोवर त्या पाहुण्यानं आणि त्याच्या मित्रांनी तीन खोल्या धरल्या होत्या. मावशीनं एजंटाला चहा दिला, चतुर्थीच्या गोड नेवऱ्या दिल्या आणि कागद परत दिला.

"चावी माज्याच कनवटीक बरी आसा," ती म्हणाली.

काका गेले तेव्हाही मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. एजंटाची मोटरसायकल वळणाआड गेली, तशी ती पदरानं डोळे पुसत खोल्यांच्या खिडक्या उघडायला गेली.